बोरॉनचा नेम

सांगोल्यातल्या ठिबकवरच्या डाळिंबबागेत पाणी मुळाशीच पडते, तणाला मिळत नाही. मेंदूतल्या कर्करोगावर किरणोत्साराचा मारा इतका नेमका करता येईल का?

न्यूट्रॉन १९३२ साली सापडला. १९३६ मध्ये गॉर्डन लोचर यांनी वाट सुचवली: गाठीत बोरॉन-१० पोचवा, मग मंदगती न्यूट्रॉन सोडा. न्यूट्रॉन गिळताच बोरॉनचा अणुगर्भ फुटतो. त्यातून निघालेले अल्फा व लिथियम कण ५ ते ९ मायक्रॉन, म्हणजे साधारण एका पेशीइतकेच अंतर जातात.

१९४० साली क्रूगर यांनी उंदरांच्या गाठींचे तुकडे बोरिक आम्लात भिजवले, त्यांवर न्यूट्रॉन सोडले आणि ते पुन्हा उंदरांत रोवले. बरेच तुकडे रुजलेच नाहीत. १९५१ पासून अमेरिकेत ब्रुकहेवन येथे रुग्णांवर उपचार झाले. ते मात्र फसले. असे का व्हावे?

भिजवलेल्या तुकड्यात रक्त वाहत नाही. रुग्णाच्या रक्तात मात्र बोरॉन उरला आणि रक्तवाहिन्यांनाच इजा झाली. शिवाय मंद न्यूट्रॉन खोलवर पोचेनात.

म्हणून पुढे उंदरांच्या मेंदूतच गाठी रुजवून, गाठीत अधिक साठणारी बोरॉनची संयुगे तपासली गेली. २०२० साली जपानने डोके व मानेच्या काही कर्करोगांसाठी ही पद्धत मान्य केली.

वर्गात एखादा प्रयोग फसला, तर मुलांना आधी विचारावे: कोणती परिस्थिती बदलली?