अमजद खान नावाचा फोन

जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले, की २०१६-१७ मध्ये ते खासदार असताना त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने टॅप झाला. कारण दाखवले अमली पदार्थांच्या व्यापाराचे. आमदार बच्चू कडू यांच्यासाठी 'निजामुद्दीन बाबू शेख' हे नाव वापरल्याचा आरोप झाला. २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा नोंदला गेला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

१८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेसाठीच फोन ऐकण्याची, संदेश अडवण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर गृहसचिवांची मंजुरी आणि फेरतपासणी समिती बसवली. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. इथे आपली संमती कुणी विचारत नाही. आपल्या वतीने 'का?' विचारायचे, ते मंजुरीची सही करणाऱ्याने.

आरोप खरा असेल, तर ही नावे वाचून तो प्रश्न कुणाला पडलाच नाही. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या कुठल्याही उर्दू वर्गाच्या हजेरीपटावर ही नावे सापडतील. पटोलेंना निदान विधानसभा होती. खऱ्या अमजदचा फोन ऐकला गेला, तर त्याला ते कळवण्याची तरतूदही कायद्यात नाही.