नांगरापासून टॅलीपर्यंत : तटस्थ परीक्षणाची गोष्ट

मंडळी, आज आपण कुपवाडच्या एमआयडीसीत बसलोय, म्हणून विषयही इथलाच घेतो. फाउंड्री, मशीन शॉप, हळदीचा व्यापार असे छोटे धंदे करणारी माणसं बिलिंगचं, पगाराचं, स्टॉकचं किंवा कामगारांच्या प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर निवडतात ती कुणाच्या शब्दावर? आणि विकणाऱ्याशी काही संबंध नसलेल्या माणसाचा शब्द बाजारात कधीपासून मिळायला लागला? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. सुरुवातीची दोनेक वर्षं तो खपेना, असं सांगतात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, ही शेतकऱ्यांची समजूत. आपण आज हसतो, पण जरा विचार करा. लाकडी नांगर गावच्या सुताराकडचा, मोडला तर तिथंच दुरुस्त होणारा. हे नवं लोखंडी प्रकरण बिघडलं तर जायचं कुठं? शेतकऱ्याच्या शंकेत हाही भाग असणारच. नांगर पटला तो प्रत्यक्ष रानात चाललेला बघून. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला आला आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढं मराठीतलं मोठं मासिक झालं ते, पण मुळात कारखान्याचं पत्रक. माल बनवणाराच ग्राहकाला मालाची माहिती देतोय. त्यात खोटं काही नव्हतं. पण दोन कारखान्यांचे नांगर शेजारी-शेजारी चालवून कुठला बरा ते सांगणं हे कारखान्याच्या मासिकाचं काम नव्हे.

ते काम अमेरिकेत सुरू झालं. १९२७ साली स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक या दोघांनी एक पुस्तक लिहिलं, ‘युअर मनीज वर्थ’. श्लिंक इंजिनिअर, सरकारी मानक संस्थेत काम केलेला. त्याचं म्हणणं साधं होतं : सरकार खरेदी करताना माल तपासून घेतं, मग सामान्य माणसानं जाहिरात वाचून का घ्यावा? त्यातून १९२९ ला ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ ही संस्था निघाली. पुढं तिथल्याच कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि संपातून बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ काढली. नियम ठरवला की जाहिरात घ्यायची नाही आणि तपासायचा माल दुकानातून पैसे देऊन आणायचा. आणि गंमत बघा, अनेक वृत्तपत्रांनी यांचीच जाहिरात छापायला नकार दिला! इंग्लंडमध्ये १९५७ साली मायकेल यंग यांच्या पुढाकारानं लंडनच्या बेथ्नल ग्रीनमधल्या एका गॅरेजातून ‘विच?’ निघालं. पहिल्या अंकात विजेच्या किटल्या होत्या, ॲस्पिरिन होतं.

आपल्याकडे ग्राहक चळवळ जागी झाली ती टंचाईच्या आणि भेसळीच्या काळात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या घरांचे संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायचं, ही तिची पद्धत. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की डाळ चांगली की वाईट हे ठरवणारा आणि ती खाणारा एकच होता. पुढं अहमदाबादची सीईआरसी, दिल्लीची ‘व्हॉइस’ आल्या आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. पण या सगळ्याचा रोख घरगुती ग्राहकावर. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला त्या कायद्यात फारशी जागा नव्हती. स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा करणाऱ्याला नंतर सवलत मिळाली, इतकंच.

आता सॉफ्टवेअर. त्याच १९८६ साली बंगळुरात श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि मशीनचे सुटे भाग पुरवायचे. हिशेबासाठी बाजारात मिळणारी सॉफ्टवेअरं त्यांना पसंत पडेनात. प्रत्येक नोंदीला कोड पाठ करायचा, ही भानगड त्यांना नको होती. मग मुलाला, भरत गोयंकांना सांगितलं, तूच लिही. त्यातून ‘पेयुट्रॉनिक्स’ आणि पुढं टॅली आलं. म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात परिणामकारक परीक्षण एका व्यापाऱ्यानं केलं, आणि ते कुठं छापून आलं नाही. छापील परीक्षणंही होती म्हणा. १९८२ पासून ‘डेटाक्वेस्ट’, १९८७ पासून ‘पीसी क्वेस्ट’. पण ती इंग्रजीत, आणि कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणारी.

मग आपल्याकडे टॅली पसरलं कशानं? माझं मत असं, की परीक्षणानं नव्हे, क्लासनं. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ बघा, टॅलीच्या क्लासचा बोर्ड असतो. २००१ पासून एमएस-सीआयटी आलं आणि कॉम्प्युटरला हात लावायची भीतीच गेली. कारखानदार सॉफ्टवेअर निवडत नव्हता, तो ते चालवणारा माणूस निवडत होता. बी.कॉम. झालेला, टॅली येणारा मुलगा बुधगावात, मिरजेत सहज मिळतो. दुसरं कितीही चांगलं सॉफ्टवेअर घ्या, मुलगा नोकरी सोडून गेला की नवा शिकवायला दोन महिने. वेबसाइटवरच्या तारांकनात याला रकाना नाही.

ती तारांकनं कशी चालतात तेही सांगतो. कॅपटेरा १९९९ ची, तिला २०१५ मध्ये गार्टनरनं घेतलं. जी-टू २०१२ ची. मतं वापरणाऱ्यांचीच असतात, पण कॅपटेरासारख्या साइटचं उत्पन्न कंपन्यांकडून येतं. तुम्ही दुव्यावर क्लिक केलं की कंपनी साइटला पैसे देते. म्हणजे लबाडीच असते असं मी म्हणत नाही. पण १९३६ च्या त्या नियमाच्या हे बरोबर उलटं आहे. आणि मत देणारा असतो टेक्सासचा, त्याला जीएसटी म्हणजे काय ते माहीत नाही.

इथं मात्र सगळं जीएसटीवरच अडतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला होतं. मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. मोठ्या कंपनीला कास्टिंग पुरवणारा इथला कारखानदार त्यात सापडला. बिलाला पोर्टलचा नंबर नसेल तर ते बिल कायद्यानं धरलं जात नाही, घेणाऱ्याचं इनपुट क्रेडिट अडकतं, आणि मग तो पेमेंट थांबवतो. छोट्या माणसाचं एक महिन्याचं पेमेंट थांबलं तर पगार कुठून करायचा? चुकीच्या सॉफ्टवेअरची खरी किंमत ही आहे. विकत घेताना दिलेले पंधरा-वीस हजार नव्हेत.

सल्ला मग कुणाला विचारायचा? विक्रेत्याला त्याचं कमिशन असतं. सीए प्रामाणिक असतो, पण त्याच्या ऑफिसात जे चालतं तेच तो सुचवणार, त्याला डेटा तसाच हवा असतो. बाजारात हळकुंड मोडून आतला रंग बघता येतो, सॉफ्टवेअरचं तसं नाही, वर्षअखेर आल्याशिवाय आतलं दिसत नाही. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. पैसे देऊन लिहून घेतलेला अभिप्राय छापायचा नाही, असं त्यात आहे. मात्र ते ऐच्छिक म्हणूनच आलं.

म्हणून इथल्या उद्योजक संघटनांपुढं एक गोष्ट ठेवतो. एका कारखान्याची मार्च महिन्याची खरी बिलं घ्या, गिऱ्हाइकांची नावं बदला. तीच बिलं तीन सॉफ्टवेअरांत तीन वेगवेगळ्या मुलांकडून भरून घ्या. किती वेळ लागला, ई-इनव्हॉइस निघालं का, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट नीट बसली का, हे लिहून काढा. आणि शेवटी सगळा डेटा बाहेर काढून एक्सेलमध्ये घेता येतो का बघा, कारण सोडून जायची वेळ आली की विक्रेते फोन उचलत नाहीत. लायसन्स संघटनेनं विकत घ्यायची, फुकटची डेमो प्रत नको. खर्च फार नाही, वर्गणीतून भागेल. निकाल मराठीत दोन पानांत छापा, आणि दर वर्षी परत करा, कारण नियम दर वर्षी बदलतात. प्रश्न असतील तर आता घेऊ.