ग्रामीण सार्वजनिक सुविधांसाठी शासकीय निधी (महाराष्ट्र)

ग्रामपंचायत कार्यालय, समाजमंदिर, स्मशानभूमीतील दहनशेड, अभ्यासिका, व्यायामशाळा, अंतर्गत रस्ते, गटारे, पथदिवे अशा गावाने मिळून वापरायच्या सोयींसाठी केंद्र व राज्य शासनाकडून ग्रामपंचायतींना मिळणारा पैसा. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य पंचायतींचे स्वतःचे उत्पन्न एखादी इमारत बांधण्याइतके नसते, त्यामुळे गावात उभी राहिलेली जवळपास प्रत्येक सार्वजनिक वास्तू या ना त्या शासकीय निधीतून आलेली असते. मात्र हा निधी बहुतांशी बांधण्यासाठी येतो. बांधलेले चालवण्याची तजवीज त्यात फारच थोडी असते, आणि या सगळ्या व्यवस्थेतली मोठी उणीव तीच आहे.

पूर्वपीठिका : मराठेशाहीत चावडी, देवळे, धर्मशाळा यांवरचा खर्च गावखर्चातून, म्हणजे गावाच्याच वसुलीतून भागे. इंग्रजी अमलात १८६९ च्या मुंबई कायद्याने लोकल फंडाला कायदेशीर रूप आले आणि शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाऊ लागला. शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी हा पैसा होता. १८८४ च्या कायद्याने त्याचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने सरकारी अनुदानाला लोकवर्गणी आणि श्रमदानाची जोड दिली. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर आलेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम यांनी आजची त्रिस्तरीय चौकट घातली. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नोंदवले आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन घातले. विषय मिळाले, पण ते पार पाडायला लागणारा पैसा त्या मानाने आला नाही.

वित्त आयोगाचा निधी : चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) ग्रामीण भागासाठीचे सुमारे २ लाख कोटी रुपये थेट ग्रामपंचायतींना देण्याची शिफारस केली. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या त्यातून वगळल्या गेल्या. गावाच्या खात्यात एवढी रक्कम परस्पर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा गावाच्या विकास आराखड्याचा उपक्रम याच काळात सुरू झाला. पंधराव्या आयोगाने २०२१–२६ साठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले आणि तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा दिला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असे त्याचे वाटप ठरले. यातील ६० टक्के रक्कम बंधित असून ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची असते. उरलेले ४० टक्के अबंधित. गावाला हवे ते काम त्यातून घेता येते, मात्र पगार आणि आस्थापनेवर ते खर्च करता येत नाहीत. निधी मिळण्यासाठी निवडून आलेले सदस्यमंडळ असावे लागते. मार्च २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, तेव्हा या अटीचा फटका बसला. निवडणुका लांबण्यात गावकऱ्यांचा काही दोष नव्हता. झळ मात्र त्यांनाच लागली.

राज्याचा व लोकप्रतिनिधींचा निधी : गावात ‘पंचवीस-पंधराचं काम’ असे म्हटले की सगळ्यांना कळते. २५१५ हे अर्थसंकल्पातील ग्रामविकासाचे लेखाशीर्ष असून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे त्यातून होतात. सभामंडप, काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत ही त्यातली नेहमीची कामे. आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. खासदार निधी २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाला. तो २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी झाला आणि कोविडकाळात एप्रिल २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबवण्यात आला होता. खासदार निधीतून धर्मस्थळाच्या आवारात काम करता येत नाही, आणि १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या व साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी सुचवावी लागते.

जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात. दहनभूमी-दफनभूमी व ग्रामपंचायत भवनासाठीची ‘जनसुविधा’ आणि मोठ्या ग्रामपंचायतींसाठीची ‘नागरी सुविधा’ ही दोन्ही अनुदाने यातलीच. स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी २०१८ मध्ये बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आली. दलित वस्ती सुधार, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा आणि वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार या योजना ठरावीक वस्त्यांसाठी आहेत. गावठाणापासून दूर असलेल्या तांड्यावर किंवा पाड्यावर रस्ता आणि दिवा पोचतो, तो बहुधा यांच्यातूनच. सर्वसाधारण निधीची वाट पाहत बसले असते तर या वस्त्यांची पाळी फार उशिरा आली असती.

पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातील अबंध निधी या सगळ्यांहून वेगळा आहे. २०१५ पासून राज्याने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास सुरुवात केली. कोणते काम घ्यायचे हे तिथे ग्रामसभा ठरवते. पाड्यांच्या ग्रामसभांचे स्वतःचे कोष उघडण्याचीही तरतूद आहे. पैसा आधी आणि योजना नंतर असा हा क्रम असल्याने गावाची गरज विचारण्याचा त्याचा मार्ग सर्वांत सरळ म्हणावा लागेल.

कामाची वाट : काम आधी गावच्या आराखड्यात यावे लागते, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. मग जागा. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असल्याचा उतारा नसेल तर काम तिथेच अडते. कुणी दोन गुंठे देऊ केले तरी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. गायरानावर बांधायचे तर महसूल खात्याची परवानगी घ्यावी लागते. यापूर्वी त्या जागी तेच काम झालेले नाही, असा दाखला जोडतात. शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता मिळते, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला दोन वर्षांची मुभा असते; तरीही मार्च जवळ आला की अंदाजपत्रके आणि बिले यांची धांदल उडते, आणि घाईत ओतलेल्या काँक्रीटला पाणी मारायलाही कुणाला सवड राहत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि अभियंता या तिघांचे जमले तर हा प्रवास काही महिन्यांत संपतो. नाही जमले तर फाईल पंचायत समितीच्या कपाटात वर्षभर राहते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर याचा अर्थ काय होतो, हे जुलै महिन्यात कळते. दहनशेड नसलेल्या वाडीत मयत झाले की चार माणसे चितेवर ताडपत्री किंवा पत्रा धरून उभी राहतात, लाकडे ओली असतात, आणि रॉकेल-टायर घालून कसेबसे उरकावे लागते. चार खांब आणि वर पत्रे एवढेच हे काम. मंजुरीच्या कागदांत तेही इतर कामांसारखेच एका ओळीत असते, पण ज्यांच्या घरी दुःख झाले आहे त्यांच्यासाठी त्याच्याइतके तातडीचे दुसरे काम नाही.

देखभाल : निधी देणारे खाते निराळे आणि वास्तू सांभाळणारी ग्रामपंचायत निराळी, त्यामुळे उद्घाटनानंतरचा खर्च कुणाच्याच लेखाशीर्षात बसत नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर निधीचे नाव, रक्कम आणि लोकप्रतिनिधीचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी असते. आत वीजमीटर बिलाअभावी बंद, खिडकीच्या काचा फुटलेल्या, कोपऱ्यात खताच्या गोण्या, अशी अवस्था अनेक गावांत दिसते. अभ्यासिकेला इमारत मिळते, पुस्तके आणि तिची दारे उघडणारा माणूस मिळत नाही. व्यायामशाळेच्या साहित्याचेही तेच. पूर्वी लोकवर्गणी घातलेली असल्याने गाव त्या वास्तूला आपली मानी. आज बहुतेक कामे शंभर टक्के अनुदानाची असल्याने तो धागा सैल झाला आहे. लोकवर्गणीची सक्ती गरीब वस्त्यांवर जाचक ठरते, हेही तितकेच खरे, म्हणून ती सरसकट परत आणणे योग्य होणार नाही.

राहता राहिला मार्ग ग्रामनिधीचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडेबाजाराची फी आणि गाळ्यांचे भाडे यांतून तो जमतो. कर्मचाऱ्यांचे पगार आणि वीजबिल त्यातूनच जातात. शिवाय या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. या तरतुदी हव्यातच; पण त्यानंतर दुरुस्तीला काय उरते, ते वसुलीवर ठरते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला गिरणीवर दळण मोफत दिले आणि वसुली वाढवली. ज्या गावात घरपट्टीची मागणी वेळेवर निघते आणि वसूलही होते, तिथे समाजमंदिराचा पत्रा उडाला तर नव्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही; मासिक सभेत ठराव होतो आणि त्याच आठवड्यात तो बसवला जातो.