स्कर्टिंग

खोलीची भिंत व जमीन यांच्या सांध्यावर बसविलेली, सामान्यतः सु. १० सेंमी. उंचीची पट्टी. सांधा झाकणे आणि भिंतीचा तळ पाण्यापासून व धक्क्यांपासून राखणे, हे तिचे कार्य होय. जुन्या मातीच्या घरांत जमिनीबरोबर भिंतीचा तळही सारवला जाई. लाकडी पट्टी प्रचारात आली ती इंग्रजी धाटणीच्या इमारतींबरोबर. ओल व वाळवी यांमुळे पुढे फरशीची पट्टी अधिक रूढ झाली.

या कामाच्या मोजमापाचा इतिहास कोल्हापुरात तीन टप्प्यांत दिसतो. जुना गज २४ तसूंचा. पण त्याची लांबी स्थलपरत्वे व व्यवसायपरत्वे बदलत असे. नवा राजवाडा (१८७७–८४) चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. अशा आराखड्यांतील मापे फूट-इंचांत असत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८९ च्या कायद्याने यार्ड हे प्रमाण ठरले. कोल्हापूर हे संस्थान असल्याने तो येथे आपोआप लागू नव्हता. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक पद्धतीचा पाया घातला गेला. तथापि सुतारांच्या बोलण्यात इंच व त्याचा आठवा भाग ‘सूत’ टिकून आहेत. प्लायवुडचा तक्ता आजही ८ × ४ फुटांचा, पण त्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते.

१२ × १० फूट खोलीची परिमिती ४४ फूट. ३ फुटी दार वगळता ४१ फूट, म्हणजे सु. १२·५ मी. पट्टी लागते. कापणीतील नासाडीसाठी थोडी अधिक घेतात. काटकोनी कोपऱ्यात दोन्ही टोके ४५° त कापतात. कोपरा ९२° चा असेल, तर प्रत्येक टोक ४६° त कापावे लागते. आतील कोपऱ्यात पट्टीची भिंतीकडील बाजू लांब राहते, तर बाहेरील कोपऱ्यात दर्शनी बाजू. येथे गल्लत झाली की तुकडा वाया जातो.

जुन्या भिंती क्वचितच सरळ असतात. त्यामुळे गुण्याने कोपरा तपासून व पट्टी प्रत्यक्ष भिंतीला लावून खूण करण्याची रीत गज, फूट व मीटर या तिन्ही पद्धतींत उपयोगी ठरली. प्रमाणित मापामुळे व्यापारातील वाद कमी होतात. तुकडा नेमका बसतो तो मात्र भिंतीवरून घेतलेल्या मापानेच.