निशाणी आणि साक्ष

खतावर लिहून देणाराची निशाणी एका जागीं असते, साक्षीदाराची सही दुसऱ्या जागीं. हा भेद पुसला गेला म्हणजे काय होतें, तें फेव्हिकॉनच्या लहानशा इतिहासांत पाहावयास मिळतें.

संकेतस्थळाच्या नांवाशेजारीं ब्राउझर जें चिमुकलें चित्र दाखवितो, तो फेव्हिकॉन होय. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ नें १९९९ सालीं तो प्रचारांत आणिला. वाचकानें एखादें पान ‘फेव्हरिट्स’ या यादींत घातलें, कीं ब्राउझर त्या स्थळाकडून ‘फेव्हिकॉन.आयसीओ’ ही फाइल आपण होऊन मागून घेई, आणि १६ ठिपके रुंद व १६ उंच असें तें चित्र नोंदीशेजारीं बसे. ही मागणी सर्व्हरच्या दप्तरांत उमटे. त्यावरून आपलें पान किती जणांनीं जपून ठेविलें, याचा अंदाज स्थळाच्या धन्यास घरबसल्या बांधतां येई.

हें चित्र पत्त्याच्या पट्टींतही दिसूं लागलें, आणि खरा घोटाळा झाला तो तेथें. पुढें त्याच पट्टींत ब्राउझर कुलपाचें चिन्ह दाखवूं लागले. देवघेव सांकेतिक लिपींत चालली आहे, अशी ती ब्राउझरची साक्ष असे. फेव्हिकॉन मात्र सर्वस्वी धन्याच्या मर्जीचा. एखाद्या लबाडानें तेथें कुलपाचेंच चित्र लाविलें, तर भोळ्या वाचकानें फसावें यांत नवल तें काय? अखेर २०१२ सालीं फायरफॉक्सनें चौदाव्या आवृत्तींत फेव्हिकॉनला पत्त्याच्या पट्टींतून उठविलें व टॅबवर तेवढें ठेविलें.

आपली ओळख सांगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; तिची ग्वाही मात्र दुसऱ्यानेंच द्यावयाची असते.