‘अमेली’ चित्रपटातील रन्वारचे चित्र

फ्रेंच दिग्दर्शक झाँ-प्येर झने यांच्या ‘अमेली’ (2001) या चित्रपटात ऑग्यूस्त रन्वारचे ‘नौकाविहारी मंडळींचे भोजन’ (1880–81) हे चित्र केवळ सजावट म्हणून न येता कथानकाचा एक धागा बनून येते. दृक्प्रत्ययवादाच्या, म्हणजे क्षणिक प्रकाश आणि रंगांचा डोळ्यांवर उमटणारा ठसा टिपू पाहणाऱ्या चित्रशैलीच्या, प्रमुख कृतींपैकी असलेल्या या चित्रात पॅरिसजवळच्या शातू येथील सीन नदीकाठच्या उपाहारगृहाच्या सज्जावर जमलेली रन्वारची मित्रमंडळी दिसतात. मूळ चित्र 1923 पासून वॉशिंग्टन येथील फिलिप्स संग्रहात आहे.

चित्रपटाची नायिका अमेली हिचा वृद्ध शेजारी द्यूफायेल (सेर्ज मेर्लँ) हाडे ठिसूळ होण्याच्या व्याधीमुळे घराबाहेर पडत नाही आणि वीस वर्षे दरवर्षी या चित्राची एक नक्कल रंगवतो. परंतु मध्यभागी असूनही सर्वांपासून दूर वाटणाऱ्या, पेला ओठांशी धरलेल्या तरुणीची नजर त्याला साधत नाही. त्या तरुणीविषयी तो आणि अमेली (ओद्रे तोतू) तर्क लढवू लागतात, तेव्हा प्रत्यक्षात बोलणे चालते ते अमेलीच्याच एकलकोंडेपणाविषयी, आणि ज्या गोष्टी तिला थेट सांगणे औचित्यभंगाचे ठरले असते त्या चित्राच्या आडून सांगता येतात. हीच या योजनेची खरी करामत होय. चित्रात कुत्र्याशी खेळणारी आलीन शारिगो पुढे रन्वारची पत्नी झाली आणि त्यांचा मुलगा झाँ रन्वार थोर चित्रपट-दिग्दर्शक ठरला, हा योगायोगही लक्षणीय आहे.