मसीह अलीनेजाद : हिजाबसक्तीविरुद्धचा परागंदा आवाज

इराणी स्त्रियांच्या हक्कांसाठी देशाबाहेरून लढणाऱ्या मसीह अलीनेजाद यांचा पिंड मूळचा बातमीदाराचा. उत्तर इराणमधील बाबोल शहराजवळच्या एका खेड्यात १९७६ साली गरीब, धर्मनिष्ठ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे तेहरानमध्ये त्या संसदेचे वार्तांकन करू लागल्या. वेतनकपात स्वीकारल्याचे सांगणारे लोकप्रतिनिधी प्रत्यक्षात निरनिराळ्या निमित्तांनी मोठ्या रकमा घेत असल्याचे त्यांनी २००५ मध्ये उघड केले आणि संसदेचे दरवाजे त्यांना बंद झाले. २००९ मध्ये त्यांनी देश सोडला. प्रथम ब्रिटन व २०१४ पासून न्यूयॉर्क येथे त्यांचे वास्तव्य राहिले.

ज्या सक्तीविरुद्ध त्या उभ्या ठाकल्या, तिचा इतिहास चमत्कारिक आहे. १९३६ मध्ये रझाशाहच्या राजवटीने बुरख्यावर बंदी घातली, तेव्हा पोलीस रस्त्यात स्त्रियांची डोकी उघडी करीत. इस्लामी क्रांतीनंतर उलटे घडले. मार्च १९७९ मध्ये हिजाबचे फर्मान निघताच, महिलादिनी हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. तरीही १९८३ च्या कायद्याने डोके न झाकणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांची शिक्षा ठरवली. स्त्रीच्या डोक्यावर काय असावे, हे दोन्ही वेळा सरकारनेच ठरवले.

लंडनच्या रस्त्यावर मोकळ्या केसांनी धावतानाचे आपले छायाचित्र अलीनेजाद यांनी २०१४ मध्ये फेसबुकवर टाकले. त्यातून 'माय स्टेल्दी फ्रीडम', म्हणजे चोरून उपभोगलेले स्वातंत्र्य, ही मोहीम सुरू झाली. समुद्रकिनारी, मोटारीत, डोंगरवाटेवर क्षणभर ओढणी उतरवलेल्या इराणी स्त्रिया आपली छायाचित्रे त्यांच्याकडे पाठवू लागल्या. २०१७ मध्ये 'पांढरा बुधवार' आला आणि हटकणाऱ्यांचे चित्रीकरण मोबाइलवर होऊ लागले. बातमीदार परदेशी, वार्ताहर मात्र देशातल्या सामान्य स्त्रिया, अशी ही रचना. तिची धास्ती सरकारला किती वाटली, हे २०१९ मध्ये दिसले : अलीनेजाद यांना चित्रफिती पाठवणाऱ्यांस दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे तेहरानच्या क्रांतिकारी न्यायालयाच्या प्रमुखांनी जाहीर केले. त्याच वर्षी त्यांच्या भावाला अटक झाली व पुढे आठ वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

अलीनेजाद यांचा विरोध हिजाबला नाही, सक्तीला आहे. त्यांच्या आईने हिजाब कधी सोडला नाही. परदेशी पाहुण्यांनीही ही सक्ती मुकाट्याने मान्य करू नये, असा त्यांचा आग्रह. पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन हिने २०१८ मध्ये याच कारणास्तव इराणमधील आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ यांची भेट घेतल्याने अलीनेजाद यांच्यावर टीका झाली. निर्बंध लादणाऱ्या सरकारशी जवळीक इराणमधील चळवळीला अडचणीची ठरते, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु त्या चित्रफिती वॉशिंग्टनमध्ये चित्रित झालेल्या नव्हत्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतील मृत्यूनंतर उसळलेला संतापही आयात केलेला नव्हता.

परदेशातही त्यांना सुरक्षितता लाभली नाही. त्यांच्या अपहरणाचा कट रचल्याबद्दल अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये इराणी गुप्तचरांवर आरोप ठेवले. वर्षभराने ब्रुकलिनमधील त्यांच्या घराजवळ रायफल बाळगणारा इसम पकडला गेला. पुढे त्यानेच न्यायालयात साक्ष दिली. अलीनेजादही साक्षीला उभ्या राहिल्या. मार्च २०२५ मध्ये सुपारी घेतलेल्या टोळीतील दोघे दोषी ठरले आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येकास २५ वर्षांची कैद झाली.